पूजेतला पाना

कमलाकांत चुरीच्या फटफटीला दोनच आवाज यायचे. एक चालू न होण्याचा आणि दुसरा बंद पडण्याचा. या दोहोंच्या मध्ये चालण्याचा म्हणून जो आवाज असतो, तो पालघरातल्या त्याच्या आळीने सणासुदीलाच ऐकला असेल. बोईसरकडे चिकूची वाडी असलेल्या एका म्हाताऱ्या पारशी शेठकडून त्याने ती वापरलेली गाडी घेतली होती. सौदा ठरल्यावर शेठ म्हणाला होता, "डिकरा, मशीन एकदम फर्स्ट क्लास छे. फक्त जरा तिचा स्वभाव सांभाळून घे." एवढं बोलून शेठने किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि इतक्या घाईने घरात जाऊन दार लावलं की दुसऱ्या कोणालाही तिथेच शंका आली असती. कमलाकांतला नाही आली. तो कचेरीत कारकून होता, आणि शंका काढायच्या त्या कचेरीत खुर्चीवर बसूनच, अशी त्याची समजूत होती.

तर त्या वर्षी काय झालं, कमलाकांतच्या बायकोला, जमनाला, मुलाखतीचं बोलावणं आलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, बोईसरच्या आसपास माणसांना राहायला जागा मिळेना, आणि कामगारांच्या पोरांसाठी सरावलीला एक नवी शाळा निघाली होती. तिथे एकच बाई घ्यायची होती. जमनाने लग्नाआधी शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलेलं. लग्नानंतर त्या ट्रेनिंगचा उपयोग सासूला पोथी वाचून दाखवण्यापलीकडे झाला नव्हता. बोलावण्याचा कागद आला त्या दिवशी तिने तो तीनदा वाचला, घडी करून कपाटात ठेवला, आणि पुन्हा काढून वाचला. मुलाखत खंडेनवमीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. वेळेवर न येणाऱ्याचा विचार होणार नाही, असंही खाली लिहिलेलं.

"मी सकाळच्या शटलने जाते," जमना म्हणाली. "बोईसरला उतरून टांगा केला की झालं."

हे वाक्य साधं होतं, पण कमलाकांतला ते फार लागलं.

"घरात गाडी असताना तू शटलने जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणतातच आहेत," जमना म्हणाली.

झालं! आता प्रश्न मुलाखतीचा राहिला नाही, अब्रूचा झाला. कमलाकांतने जाहीर केलं की जमना फटफटीवर बसून शाळेच्या दारात उतरेल, आणि मुलाखत घेणारे खिडकीतून बघतील. जमना म्हणाली, "मुलाखत माझी आहे की फटफटीची?" पण एव्हाना कमलाकांत बाहेर ओट्यावर जाऊन गाडीकडे कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला होता, आणि कोणी असा उभा राहिला की शेजारचे नरहरी अण्णा घरात बसू शकत नसत.

नरहरी अण्णा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे जन्मभर ते गाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात, इंजिनापासून होईल तितके लांब बसले. तरी आळीत इंजिनाच्या बाबतीत त्यांचाच शब्द चालायचा.

"प्लग गेलाय," अण्णा गाडीला हात न लावता म्हणाले.

"कशावरून?"

"अरे, कशावरून काय? दुसरं जायला तिच्यात राहिलंय काय?"

नवा प्लग मुंबईहून मागवून झाला. अष्टमीच्या संध्याकाळी आळी जमली आणि कमलाकांतने गाडीबरोबर आलेल्या कॅनव्हासच्या पिशवीतून प्लगचा पाना काढला. हत्यार म्हणून तो एकच होता. बाकी पिशवीत एक बोल्ट, चिकूच्या बिया आणि शेठचा एक मोजा होता. जुना प्लग निघाला तो करपलेल्या वांग्यासारखा. सगळ्यांनी तो हातोहात फिरवून बघितला आणि हळहळ व्यक्त केली. नवा लगेच बसवायला कमलाकांतचे हात शिवशिवत होते, पण अण्णा म्हणाले, "तिन्हीसांजेला नको. आटे दिसायचे नाहीत. सकाळी उजेडात बसव, पाच मिनिटांचं काम." म्हणून इंजिनाच्या भोकात फाटक्या बनियनचा बोळा कोंबून सगळे घरोघर गेले. आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांनी योग्य सल्ला दिला होता, हे नमूद केलं पाहिजे. पुढे जे झालं त्याला ते जबाबदार नाहीत.

इथे कमलाकांतच्या खंडेनवमीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. नवमीला घरोघर हत्यारं पूजेत मांडतात. ज्याचं पोट ज्या वस्तूवर चालतं ती वस्तू धुऊनपुसून, हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायची आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत तिला हात लावायचा नाही. कमलाकांत दर वर्षी आपलं हिरव्या टोपणाचं फाउंटन पेन ठेवायचा. आणि मग तो कचेरीत जायचा, खुर्चीवर बसायचा आणि दिवसभर काही म्हणजे काही करायचा नाही. कोणी काम घेऊन आलंच तर हात जोडून म्हणायचा, "आज लेखणी पूजेत. उद्या दसरा. परवा या." टाक-दौत कचेरीत ढीगभर पडलेली असायची, पण धर्म म्हणजे धर्म. संध्याकाळी जेवताना तो हे सगळं आईला आणि जमनाला रंगवून सांगायचा; कोण किती लांबून पायपीट करत आला, 'परवा' ऐकून त्याचा चेहरा कसा झाला, ते नक्कल करून दाखवायचा. आई पदर तोंडाला लावून हसायची. जमना भात वाढायला उठायची.

त्या नवमीला मात्र त्याचा विचार बदलला. कचेरीत त्याने दुपारपर्यंतची रजा टाकली होती. आंघोळ करून तो देवघरात आला तेव्हा आई, म्हणजे काशीबाई, पाटावर विळी, कोयता, कात्री अशी ओळीने मांडत होती. तिने हात पुढे केला, "आण तुझं पेन."

"पेन काय, कोणीही कारकून ठेवतो!" कमलाकांत म्हणाला. त्याने पेन खिशातच राहू दिलं आणि ऐटीत प्लगचा पाना आणि नवा कोरा प्लग पाटावर ठेवला. "यंदा यंत्राची पूजा."

काशीबाईंना कौतुक वाटलं. मुलगा मशीनवाला झाला! त्यांनी पान्याला हळदीची पाच बोटं ओढली. प्लगच्या टोकाला ओलं कुंकू लावलं, चांगलं दाबून, बोटभर. वर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं, नैवेद्य दाखवला. कमलाकांतने डोळे मिटून नमस्कार केला. डोळे उघडले आणि पाना उचलायला हात पुढे केला.

काशीबाईंनी त्या हातावर पळी मारली.

"हात लावू नकोस!"

"अगं, प्लग बसवायचाय."

"उद्या बसव. पूजा उतरली की."

"आई, जमनाची मुलाखत आज आहे!"

"मग ठेवलास कशाला? मी म्हटलं होतं पाना ठेव? मी म्हटलं पेन ठेव. तुलाच यंत्राची हौस."

"एक दिवस देव समजून घेईल."

"असं?" काशीबाई म्हणाल्या. "मग ते कचेरीत लोकांना हात जोडून परवा या म्हणतोस, ते देवाला विचारून सांगतोस की मनाचं? देव तोच, नियम तोच."

एवढं बोलून त्यांनी देवापुढे बैठक मारली आणि जपाची माळ काढली. मागे जमना उभी होती. खळ घातलेली पांढरी साडी, तेल लावून घट्ट बांधलेले केस, हातात सर्टिफिकिटांची कापडी पिशवी. ती शांतपणे म्हणाली, "शटलला अजून वेळ आहे. मी निघते."

आणि इथेच, देव करो आणि कोणावर ही पाळी न येवो, कमलाकांत म्हणाला, "पाच मिनिटं थांब. पालघरात पाना काय एकच आहे?"

पालघरात पाने पुष्कळ होते. अण्णांकडे तर रेल्वेतून येताना चुकून बरोबर आलेली हत्यारांची अख्खी ट्रंक होती. ट्रंकेचं झाकण उघडं, आत हार, कडेला उदबत्ती, आणि पुढे अण्णांची बायको इंदुबाई पहाऱ्याला बसलेली.

"तुला पाना हवाय ना? तो बघ डावीकडून तिसरा," अण्णा लांबूनच बोट दाखवून म्हणाले. "अगदी तुझ्या प्लगच्या मापाचा. उद्या सोनं लुटून झालं की घेऊन जा." इंदुबाईंनी त्याच्या हातावर खोबरं-साखर ठेवली.

सायकलवाला नामदेव म्हणाला, "पंपसुद्धा पूजेत हाय, भाऊ. सकाळपास्न चार पंक्चर परत धाडले." आणि कागदात बांधून दोन पेढे दिले.

शेवटी कमलाकांत स्टेशनाजवळच्या गॅरेजात पोचला. तिथला उस्मान मिस्त्री तरी अडणार नाही, अशी त्याला खात्री होती. उस्मान बाकावर पाय वर घेऊन चहा पीत बसला होता, आणि त्याच्यामागे भिंतीवर झाडून सगळे पाने झेंडूच्या माळा घालून टांगलेले.

"देखो साब," उस्मान म्हणाला, "मुझे कोई एतराज नहीं. लेकिन गॅरेज शेठ का है. शेठ ने सुबह खुद सबको हार पहनाया है. मैं पाना उठाऊँगा तो शेठ मेरे को उठा देगा. लो, परसाद खाओ."

कमलाकांत तिसऱ्यांदा प्रसाद खिशात घालत असतानाच शटलची शिट्टी झाली. पालघरात ती शिट्टी कुठेही ऐकू जाते. धूर उमरोळीच्या दिशेने निघून गेला. यानंतर दुपारपर्यंत गाडी नव्हती. एस्टीचं काही खरं नव्हतं.

तो घरी परतला तेव्हा आळीत आणखी एक प्रकार घडून गेला होता. तो नसताना अण्णांनी "जरा कॉम्प्रेशन बघू" म्हणून गाडीला किक मारली, त्यासरशी भोकातला बनियनचा बोळा बंदुकीतून सुटावा तसा सुटला आणि इंदुबाईंनी पहाटेपासून खपून काढलेल्या रांगोळीच्या बरोबर मध्यावर, सरस्वतीच्या नाकावर, जाऊन बसला. इंदुबाई आता पूजा सोडून बाहेर आल्या होत्या आणि अण्णांना गार्डच्या नोकरीपासूनचं सगळं ऐकवत होत्या. त्या गलक्यात जमना ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तिने कमलाकांतकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिच्या साडीच्या निऱ्या तिने इतक्या नीट घातल्या होत्या की कमलाकांतला पहिल्यांदाच खरोखरची लाज वाटली.

लाज वाटल्यावर माणूस शहाणा होतो असं नाही. कमलाकांत चोर झाला.

काशीबाई परसात झेंडू तोडायला गेल्या तेवढ्यात तो देवघरात शिरला. पाना उचलला. पण जागा रिकामी दिसली असती, म्हणून स्वयंपाकघरातली सांडशी आणून पान्याच्या जागी ठेवली आणि वर हार सारखा केला. प्लग उचलला, त्याच्या जागी सुपारी ठेवली. देवाला हात जोडले. देव फसला की नाही माहीत नाही, कारण तो काही बोलला नाही.

प्लगच्या टोकात कुंकू गच्च बसलेलं. ते त्याने नखाने काढलं, सदऱ्याला पुसलं, फुंकलं, त्यात अक्षतांचा दाणा उडून डोळ्यात गेला. एका डोळ्याने बघत त्याने प्लग हाताने फिरवला, पान्याने जेमतेम अर्धा आटा दिला, कारण परसदाराची कडी वाजली होती. पाना खिशात, पाय किकवर. एक किक, दोन किक, गाडी खोकली, कुंकवाचा लालसर धूर सोडला, आणि काय सांगावं, चालू झाली! अशी चालू झाली की आळीतली कुत्री उठून उभी राहिली.

"बस, बस, बस!" कमलाकांत ओरडला. जमना बसली. तेवढ्यात काशीबाई दारात आल्या. दूध उतू चाललं होतं, सांडशी सापडत नव्हती, आणि सांडशी सापडली ती देवापुढे, गळ्यात हार घालून. ती तशीच हारासकट हातात धरून त्या आळीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"अरे कमळ्या! देवाला सांडशी लावतोस रे मेल्या?"

आळीतल्या झाडून सगळ्या दारांत माणसं आली. सरस्वतीचं नाक विसरून इंदुबाईसुद्धा वळल्या. कमलाकांतने मान सदऱ्यात घातली आणि गाडी पळवली.

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर त्याला पुन्हा धीर आला. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत आलेलं, ऊन तापायला लागलेलं, आणि फटफटी चालत होती! उमरोळी मागे पडली. "म्हटलं नव्हतं?" तो मान मागे वळवून ओरडला. "शटल बोईसरला थांबते. ही थेट दारात!" जमना एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने सीटची कड धरून बसली होती. सरावली कोसभरावर राहिली असेल नसेल, तेव्हा फाट् असा आवाज झाला, कमलाकांतच्या गुडघ्याजवळून काहीतरी सणकन गेलं आणि फटफटी तिच्या नेहमीच्या दुसऱ्या आवाजात गप्प झाली.

अर्ध्या आट्यावरचा प्लग सुटून भाताच्या खाचरात जाऊन पडला होता.

कमलाकांत बूट न काढताच खाचरात उतरला. गुडघाभर चिखल. तो ओणवा होऊन भाताचे चुडे बाजूला करत हाताने चाचपत चालला. वंगणाचे हात तोंडाला लागले, तोंडावरचा घाम पुसताना कपाळावर कुंकू आणि हळद आली, वर चिखल. थोड्या वेळाने त्याची सख्खी आईही त्याला ओळखती ना, आणि ओळखती तर सांडशी घेऊन आली असती.

रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रिकामी बैलगाडी. गाडीवान पन्नाशीकडे झुकलेला, डोक्याला फडकं, कानाला बिडी.

"कुठं चाललाव, बाई?"

"सरावलीच्या शाळेत. अकराला पोचायचंय."

"बसा की मंग. आज विळा पूजेत, कापनी नाय. मी भयनीकडं चाललो सरावलीला."

जमना गाडीवर चढली. भातातून कमलाकांतने मान वर काढली आणि ओरडला, "पाच मिनिटं थांब!"

"नाही," जमना म्हणाली.

लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने हा शब्द इतका सुटा कधी उच्चारला नव्हता. गाडी निघून गेली. कमलाकांत चिखलात उभा राहून बघत राहिला.

प्लग शेवटी सापडला, तोही आईने दाबलेलं थोडं कुंकू खाचेत राहिलं होतं ते चिखलात लाल दिसलं म्हणून. बसवला, घट्ट बसवला, या खेपेला जीव खाऊन बसवला. फटफटीने दाद दिली नाही. भिजली होती की रागावली होती, त्या पारशी शेठलाच ठाऊक. कमलाकांत ती कोसभर ढकलत नेऊ लागला. वाटेत पूजेमुळे लवकर सुटलेले बांधकामावरचे चार मजूर भेटले. त्यांनी विचारलं, "क्या हुआ, उस्ताद?" उस्ताद! तो ढकलत राहिला.

शाळा म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेल्या तीन खोल्या होत्या. चिंचेखाली तीच बैलगाडी सोडलेली, आणि गाडीवान बैलांना पेंढा टाकत होता. मुलाखतीची खोली बंद होती.

"आला का मिस्त्री!" गाडीवान आपुलकीने म्हणाला. "बाई वेळंवर पोचल्या, काळजी नको. कमिटीचं एक मानूस घरच्या पूजेपायी उशिरा आलं, म्हनून आता आत बसल्यात. बाईंना परत न्यायाला कोन नाय, म्हनून मी थांबलो. मी भिका."

"मी मिस्त्री नाही" असं कमलाकांत म्हणणार होता. पण आपण कोण आहोत हे सांगायचं म्हणजे त्या चेहऱ्याने, त्या बुटांनी सांगायचं. तो नुसता चिंचेला टेकून उभा राहिला. भिकाने त्याला लोट्यातलं पाणी दिलं आणि त्याच्या खिशातून बाहेर आलेल्या पान्याकडे बघितलं. पान्यावर हळदीची पाच बोटं अजून होती.

"पूजेतला पाना उचललाव?"

कमलाकांतने मान खाली घातली.

"अवो, लाज कसली? चांगलं केलंत," भिका म्हणाला. "दुसऱ्याचं काम अडलं म्हनून उचललंत. देव का रागावतो? तुमी भला मानूस. नायतर तो पालघरचा कारकून!"

कमलाकांतने लोटा खाली ठेवला.

"मागल्या वर्साला आजच्याच दिशी गेलतो. पोरीच्या वयाचा दाखला पायजे होता, हीच शाळा निघायची होती म्हनून. सोमी नाव पोरीचं. डोंगरावरनं चालत गेलो, तर कारकून हात जोडून बोलतो, आज लेखनी पूजेत, उद्या दसरा, परवा या. परवा गेलो. तर तोच रजेवर! मंग आमी मिठागरावर कामाला गेलो, ते पावसाच्या तोंडाशी आलो. पोरीचं वर्स गेलं. आता बोलते, मी मोठी झाले, लहान पोरांत नाय बसत."

त्या परवाच्या दिवशी आपण रजा का घेतली होती, हे कमलाकांतला पक्कं आठवत होतं. तो चिकूच्या वाडीवर फटफटी बघायला गेला होता. ती फटफटी आता त्याच्यासमोर उभी होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. त्याला वाटलं, आत्ता इथे जमीन दुभंगली तर आपण आधी गाडी ढकलू आणि मागोमाग उडी टाकू.

"बाईंनाबी वाटेत सांगितलं हे," भिका सांगत होता. "कारकुनाचं ऐकल्यावर बाई एकदम गपच झाल्या. हिरव्या टोपनाचं पेन होतं का, ईचारलं. मी बोललो, होतं, त्याच्या आदी अर्ज द्यायला गेलतो तवा त्याच्या खिशाला लावलेलं बघितलंय. मागनं मी ईचारलं, भातात तो मानूस कोन तुमचा? तर बोलल्या, मिस्त्री हाय."

कमलाकांतने सदऱ्याच्या आतल्या खिशावर हात ठेवला. पेन तिथेच होतं. यंदा पूजेत नव्हतं. जमनाने त्याला परक्या माणसापुढे नवरा म्हणून नाकारलं होतं, आणि तिला दोष द्यायला त्याला तोंड नव्हतं. आयुष्यभर तो कचेरीत साहेबाचं ऐकून घ्यायचा, घरात आईचं ऐकून घ्यायचा, आळीत अण्णांचं ऐकून घ्यायचा. पण न बोललेलं असं त्याने याआधी कोणाचं ऐकलं नव्हतं.

दार उघडलं. जमना बाहेर आली. चेहरा लाल झालेला, पिशवी छातीशी धरलेली.

"घेतलं मला," ती भिकाला म्हणाली. "दिवाळीनंतर रुजू व्हायचंय. त्यांनी विचारलं, डोंगरावरची मुलं शाळेत का येत नाहीत. मी तुमच्या सोमीचं सांगितलं." मग ती थांबली. चिंचेखाली टेकलेला नवरा तिला दिसला.

"मिस्त्री आला तुमचा," भिका म्हणाला.

कमलाकांतने वर बघितलं नाही. त्याने चिखलाच्या हाताने खिशातून पेन काढलं, नामदेवच्या पेढ्यांचा कागद सोडला, पेढे भिकाच्या हातावर ठेवले आणि कागद फटफटीच्या सीटवर पसरला.

"पोरीचं पूर्ण नाव सांगा," तो म्हणाला. "आणि जन्म कुठला, कधीचा."

भिका सांगायला लागला आणि मध्येच थांबला. त्याची नजर हिरव्या टोपणावर गेली. टोपणावरून बोटांवर, बोटांवरून तोंडावर. चिखल, कुंकू, वंगण, सगळ्याच्या आत त्याने ओळखलं. त्याने हातातले पेढे गाडीवर ठेवले, डोक्याचं फडकं काढलं आणि दोन्ही हात जोडले.

"साहेब," तो म्हणाला.

इतका वेळ तो मिस्त्री म्हणत होता ते किती बरं होतं, हे कमलाकांतला त्या क्षणी कळलं. त्याने मान घालून सगळं लिहून घेतलं. तेलकट कागदावर शाई फुटत होती, पण लिहिलं. मग म्हणाला, "दाखला..." आणि थांबला. इथून पालघर गाठेपर्यंत कचेरी बंद होणार. उद्या दसरा, सुट्टी. दुसरा शब्दच नव्हता. त्याने तो इकडे शोधला, तिकडे शोधला, आणि शेवटी अगदी हळू म्हणाला, "परवा."

भिका रागावला नाही की हसला नाही. सवयीने मान हलवली. "येतो परवा, साहेब."

"नाही! तुम्ही यायचं नाही," कमलाकांत घाईघाईने म्हणाला. "मी आणून देतो. परवा सकाळी, तुमच्या घरी, स्वतः. फटफटीवरून येतो."

भिकाने फटफटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माणूस सभ्य होता, त्याला कोणाचं मन मोडवत नव्हतं.

"नको, साहेब," तो शेवटी म्हणाला. "मीच बैल जुंपून येतो तुमाला न्यायाला. पोरीच्या शाळेचं काम हाय. आता उशीर नको."

जमनाला हसू आवरेना. ती पदरात तोंड घालून हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग तिघांनी मिळून फटफटी बैलगाडीवर चढवली. जमना पुढे भिकाशेजारी बसली आणि सोमीला आधी काय शिकवायचं ते त्याला विचारू लागली. कमलाकांत मागे फटफटी धरून, पालघरपर्यंत पाय खाली सोडून बसला. पाना खिशातून मांडीला टोचत होता, पण जरा सरकून बसू का, असं विचारायची त्याची छाती झाली नाही.